खाणीत जमिनीवर घुबडाची अंडी, उचलायची का?

पारसिककर: पारसिकच्या टेकडीवर बंद खाणीत, कपारीच्या उघड्या मातीवर तीन गोलसर, मळकट पांढरी अंडी आहेत. काडीकचरा काहीच नाही. घरटं कोसळलंय का? शेजारी मोठं, कानांवर तुरे असलेलं घुबड बसतं.

रानवाट: अजिबात उचलू नका! हे शृंगी घुबड. ते घरटं बांधतच नाही. कपारीत, मातीच्या दरडीत किंवा झुडपाखाली नुसत्या मातीवर अंडी घालतं. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. जागा तीच राहते, दरवर्षी परत वापरतात. तुम्ही जवळ गेलात की पंख मोडल्यासारखं फडफडत लांब जाईल, ते तुम्हाला चकवण्यासाठी. मागे जाऊ नका, तिथूनच परत फिरा. मादी उठली की अंडी उन्हात तापतात आणि कावळ्यांना आयती सापडतात.

पारसिककर: पिल्लं कधी?

टेकडीमित्र: साधारण ३३ दिवसांनी. अंडी एकदम फुटत नाहीत, म्हणून पिल्लं लहानमोठी दिसतात. धाकटं अशक्त वाटलं तरी हात लावू नका. उडता येण्याआधीच ती कपारीबाहेर चालत येतात, लोकांना वाटतं पडली. पालक जवळपास सहा महिने सांभाळतात. लांबून, दुर्बिणीनेच बघा; फ्लॅश आणि आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवणं नको. खाली घुबडाने ओकून टाकलेल्या केसाहाडांच्या गुठळ्या सापडतील, त्यात उंदीर-घुशींच्या कवट्या असतात.

रानवाट: आणि नेमकी जागा इथे टाकू नका, कृपया. जखमी पक्षी दिसला तर वनविभागाच्या १९२६ हेल्पलाइनला फोन करा.