अनुभव धागा : स्वस्तातला किल्ट, मुलांचा आणि रोजच्या वापराचा

निऱ्यावाली
शाळेची चिठ्ठी आली, २५ जानेवारीच्या बर्न्स दिवसासाठी (स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस) 'काहीतरी टार्टन', म्हणजे स्कॉटिश चौकडीचं काहीतरी. ती बघून जुना गोंधळ आठवला, म्हणून धागा काढतेय. मापं, कापड, फसवणुकीच्या जागा, सगळं लिहा. सुरुवात मीच करते: जीन्सचं माप देऊ नका. किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, बेंबीवर बसतो. टेप बेंबीभोवती, दुसरं माप नितंबांच्या सगळ्यात रुंद भागावर, तिसरं बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. जीन्सवर ३२ असलेल्या माणसाचा टेप बेंबीवर सहज ३५ दाखवतो.

ग्लासगोकर
+१. आणि मूल पोट आत ओढतं. जेवल्यावर मोजा.

टाकेधागे
कापडावर बोलते. स्वस्त म्हणजे २५-४० पौंडांत मिळतो तो बहुतेक ॲक्रिलिक. लवकर गोळे धरतो, आणि कडक इस्त्री लागली की चकाकी येते ती जात नाही. त्याच्या वरची पायरी पॉलिव्हिस्कोस, ६५ टक्के पॉलिएस्टर ३५ टक्के व्हिस्कोस. मुलांसाठी आणि रोजच्यासाठी डोळे मिटून हेच. टोचत नाही, मशीनमध्ये ३० अंशांवर धुता येतं. लोकरीचा हातशिवणीचा आठ वारी किल्ट काही शे पौंडांचा असतो, वाढत्या मुलाला तो घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

भुर्जीपाव
आठवारी!! म्हणजे नऊवारीला एकच वार कमी 😂

टाकेधागे
हसा, पण हिशेब वेगळाय. ते आठ वार एकेरी पन्ह्याचे. दुहेरी पन्हा घेतला तर चार वारांत तेच होतं, लांबीत मधोमध कापून जोडतात. रोजच्या किल्टला चार-पाच वार पुरतात, लहान मुलांना त्याहून कमी. कापड कमी असेल तर चुण्या उथळ पडतात आणि चालताना घेर फिरत नाही, पाठीवर पडदा लावल्यासारखा दिसतो. फोटोत ओळखायचं असेल तर पुढचा नाही, मागचा फोटो मागा.

निऱ्यावाली
मुलांसाठी बारीक चौकडी घ्या हेही लिहा ना.

टाकेधागे
हो. चौकडी जुळवून चुण्या घालतात तेव्हा एका चुणीत नक्षीची एक पूर्ण फेर जाते. फेर मोठी असली तर कापड जास्त लागतं आणि छोट्या कमरेवर चारच चुण्या बसतात.

दुपारचा_चहा
खाली लांब झाला तर कापून घ्यायचा का? दर्जी म्हणतोय दोन इंच उडवतो

टाकेधागे
नको!!! चांगल्या किल्टच्या खाली दुमड नसते, कापडाचा मूळ काठच असतो. कापलात की धागे निघतात, आणि दुमडलात तर प्रत्येक चुणीत जाडी येऊन घेर फुगतो. लांबी कमी करायची ती कमरेकडून, आणि ते म्हणजे वरची सगळी शिवण उसवून परत घालणं. मुलांच्या स्वस्त किल्टमध्ये खाली दुमड असेल तर मात्र सोडवून इंचभर मिळतो, घेताना उलटून बघा.

ग्लासगोकर
वाढत्या मुलासाठी युक्ती: इंचभर लांब घ्या, आतून गॅलिस लावून वर ओढून बांधा, वरून स्वेटर. पुढच्या वर्षी गॅलिस सैल. कमरेचं काम बक्कल करतं, पट्ट्याला भोकं असतात त्यात दोनेक इंच सुटतो. बक्कल उसवून सरकवलं तर आणखी थोडा.

एडिंबराची_सून
किंमतीबद्दल: ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या कपड्यांवर व्हॅट नाही, मोठ्यांच्यावर आहे. ऑनलाइन यादीत मुलांच्या मापाचा वेगळा विभाग असेल तर तिथूनच घ्या. एडिंबरात रॉयल माइल रस्त्यावर पर्यटकांसाठीचे ढीग आहेत, पण हात लावून बघितल्याशिवाय नको. आणि हायलँड नाचाच्या (स्कॉटिश लोकनाच) क्लासमधल्या मुलींना वर्षा-दीड वर्षात किल्ट लहान होतो, जुना मिळेल का क्लासला विचारा. चॅरिटी दुकानांतपण.

भुर्जीपाव
सेकंडहँड लोकरी घेतला तर कसर बघा. खिडकीसमोर धरून एकेक चुणी उघडायची, कसर आतल्या घडीत लपते. घरी आणल्यावर पिशवीत बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये. पट्ट्याचं चामडं तडकलेलं असेल तर घाबरू नका, ते बदलता येतं.

दुपारचा_चहा
फ्रीझरमध्ये आधीच मोदकाचं सारण आहे 🙄

मुरंबा८०
वेल्क्रोवाले घेऊ नका, कापडाची लव खेचतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला मागे इलॅस्टिकवाला. बक्कल तीन असतात: उजवीकडे दोन, डावीकडे एक. किल्टचे पुढचे दोन सपाट भाग म्हणजे पाटे, एकावर एक येतात. आतल्या पाट्याचा पट्टा डाव्या बाजूच्या फटीतून बाहेर काढून बांधायचा. फट न वापरता आतच गुंडाळला की तासाभरात किल्ट फिरतो. झालर पुढे उजवीकडे येते. पिन फक्त वरच्या पाट्याला. दोन्ही पाट्यांना लावलीत तर मूल पळालं की कापड फाटतं.

ग्लासगोकर
आणि स्पोरनची (किल्टवर पुढे लटकवायची पिशवी) साखळी शाळेत नको, टॉयलेटला गेलं की अडकते. मोज्यातली कट्यार तर प्लॅस्टिकचीही नको, शाळा काढून घेते.

सिअ‍ॅटलवासी
रोजच्यासाठी इकडे खिसेवाले कॉटनचे किल्ट चालतात, २००० साली इथेच बनू लागले. दणकट, पण कॉटनला चुणी टिकत नाही. चुणीच्या धारेवर कडेने टीप मारून घ्या, दर धुण्याला इस्त्री करायची पाळी येत नाही.

दुपारचा_चहा
इस्त्री कशी पण?

टाकेधागे
टेबलावर पालथा. बारीक धाग्याने कच्चा टाका, एक ओळ खालून इंचभर वर, दुसरी मध्ये, चुण्या हलू नयेत म्हणून. ओलं पातळ फडकं ठेवून दाबत उचलत जायचं, फिरवायची नाही. तसाच गार होऊ द्या, मग टाके काढा. गरम असताना उचलला तर चुणी परत उघडते. ॲक्रिलिकला कमी आच. प्रवासात घडी नको, लांबीत गुंडाळी करून जुन्या लांब स्टॉकिंगच्या एका पायात सरकवून ठेवायचा.

मुरंबा८०
आडनावाचं टार्टन लागतं असं कोणी म्हणालं का? कायदा नाही. ब्लॅक वॉच, रॉयल स्टुअर्ट कोणीही घालतं. टार्टनची स्कॉटिश सरकारी नोंदवही २००९ पासून आहे, हौस असेल तर चाळा.

भुर्जीपाव
जोश्यांचं टार्टन काढा कोणीतरी. डाळिंबी आणि हळदी.

एडिंबराची_सून
त्यापेक्षा बर्न्सच्या जेवणाला शाकाहारी हॅगिस (मुळात मेंढीच्या काळीज-फुफ्फुसांचा स्कॉटिश पदार्थ) कुठलं चांगलं ते सांगा. मसूर-ओट्सचं मिळतं, फोडणी दिली की बरं लागतं.

दुपारचा_चहा
फोडणीत लसूण की हिंग