झिंक ऑक्साइड लावलेला टॉवेल अंधारातही जंतू मारतोय. श्रेय कुणाचं?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सोलापुरी टेरी टॉवेलच्या तुकड्यांवर झिंक ऑक्साइडचे नॅनोकण चढवलेत. अगार प्लेटवर (जंतू वाढवायच्या जेलीच्या थाळीवर) झोन, म्हणजे तुकड्याभोवतीची जंतू न वाढलेली जागा, म्हणाल तर कडेला केसाएवढी रेघ. तुकडा उचलला की खालची जागा मात्र स्वच्छ. हे कण अगारमधून फारसे सरकत नाहीत, म्हणून झोनचा नाद सोडून एएटीसीसी १०० (कापडावरचे जिवंत उरलेले जंतू मोजायची प्रमाणित चाचणी) पद्धतीने कॉलन्या मोजल्या. स्टॅफिलोकोकस ऑरियस चांगलाच घटतो, ई. कोलाय त्या मानाने चिवट. नुसता टॉवेल आणि नुसता बाइंडर (कण कापडाला धरून ठेवणारा पदार्थ) लावलेला टॉवेल, दोन्हींचा परिणाम शून्य.

पुस्तकं तीन कारणं एका दमात सांगून मोकळी होतात: सक्रिय ऑक्सिजन (मुख्यतः प्रकाशात तयार होणारा), विरघळून सुटणारे झिंक आयन, आणि कण चिकटून पेशीच्या आवरणाला होणारी इजा. फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ठेवलं तरी जंतू मरतात, उजेडापेक्षा कमी. म्हणजे सगळा खेळ प्रकाशाचा नाही.

आता आयनांचा वाटा वेगळा काढायचाय. फॉस्फेट बफर टाळलाय, त्यात झिंक साक्याच्या रूपात खाली बसतं. साधं सलाइन वापरतेय. सेंट्रिफ्यूज आणि यूव्ही-व्हिजिबल (द्रावणाचा रंग किती गडद ते मोजणारं यंत्र) आहे, अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन (धातूचं प्रमाण थेट मोजणारं यंत्र) नाही, नमुने बाहेर पाठवायला पैसेही नाहीत. (चांदी वापर म्हणू नका, विषय मंजूर झालाय.)

झिंकॉनने (झिंकसोबत रंग देणाऱ्या रसायनाने) विरघळलेलं झिंक मोजून तेवढंच झिंक असलेलं झिंक सल्फेट कंट्रोलला (तुलनेच्या नमुन्याला) घेतलं तर चालेल का? आणि सेंट्रिफ्यूजनंतरही वर तरंगणारे बारीक कण आकडा फुगवू नयेत म्हणून काय करता?