अडणारे दोनच बार घ्या
‘फ्यूर एलिझ’ची सुरुवात जमली, पण पुढे हात अडतो म्हणून पियानो सोडावासा वाटतो, असं तुम्ही लिहिलंत. कृपया सोडू नका! बेथोव्हेनच्या या रचनेचा मधला भाग खरोखरच वरच्या पातळीचा आहे, तिथे स्वर एकदम दुप्पट वेगाने येतात. दोष तुमच्या बोटांचा नाही.

अडणारे दोनच बार (स्वरलिपीत दोन उभ्या रेघांमधला छोटा तुकडा म्हणजे एक बार) घ्या. आधी उजवा हात, मग डावा, आणि ते पक्के झाल्यावरच दोन्ही एकत्र. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) इतका संथ ठेवा की चूक होणारच नाही. घाईत वाजवलं की बोटं चूकच पाठ करतात, आणि ती पुसायला फार वेळ जातो. रोज शेवटी एखादी सोपी, आवडती रचना वाजवाच. तरीही अडलं तर शिक्षकांना स्पष्ट सांगा आणि ही रचना काही महिने बाजूला ठेवा.