करंट रेशो चांगला म्हणजे कंपनी तरेल?

तोट्यातल्या टेक कंपनीचा शेअर कसा जोखावा, यावर एक सल्ला वाचला. तोट्यातल्या कंपनीला पी/ई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) लावू नये, हे पटलं. पण ‘करंट रेशो २.१ आणि पी/बी ०.८, म्हणजे शेअर आणखी पडणार नाही’ हे त्यातलं म्हणणं नाही पटत. (करंट रेशो म्हणजे वर्षभरात रोकड होऊ शकणारी मालमत्ता भागिले वर्षभरात फेडायची देणी; पी/बी म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रति शेअर बुक व्हॅल्यू, म्हणजे मालमत्ता वजा देणी.) टेक कंपनीच्या बुक व्हॅल्यूत अनेकदा जुन्या अधिग्रहणांचं गुडविल (विकत घेतलेल्या कंपनीच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली रक्कम) ठासून भरलेलं असतं. ते वजा करून पी/बी पुन्हा काढा. कित्येकदा नेटवर्थच (म्हणजे हीच बुक व्हॅल्यू) उणे निघते. करंट रेशोत न खपलेला मालही धरलेला असतो, आणि हार्डवेअरचा माल लवकर शिळा होतो.

त्यापेक्षा रोकड किती तिमाही पुरेल ते बघा. रोकड ४०० कोटी, तिमाहीला ५० कोटी जळतात, म्हणजे आठ तिमाही? वर्षभरात फेडायचं १५० कोटींचं कर्ज आधी वजा करा, उरल्या पाच. जळणारी रक्कम कॅश फ्लो स्टेटमेंटमधून घ्या: ऑपरेटिंग कॅश फ्लो (रोजच्या धंद्यातून आलेली-गेलेली रोकड) वजा कॅपेक्स (यंत्रं-इमारतींसारख्या मालमत्तेवरचा खर्च). (‘अॅडजस्टेड’ एबिटडा, म्हणजे व्याज, कर, घसारा आणि कंपनीला नको ते खर्च न धरता दाखवलेला नफा, घेऊ नका, त्यात काय काय वगळलेलं असतं!) कर्मचाऱ्यांना शेअर देऊन पगार भागवला की रोकड वाचते, पण शेअरसंख्या फुगते. म्हणून शेअरसंख्या मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून पाहा.