कॉम्प्लिमेंट : पूरक, रक्षक की आपलं कॉम्प्लिमेंटच?

शाईचा_डाग :
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी लुई पिलेमर या अमेरिकेतल्या इम्युनॉलॉजिस्टवर (म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासकावर) लेख लिहिते आहे आणि पहिल्याच परिच्छेदात गाडी अडली आहे. माणसाने उभी कारकीर्द जिच्यावर घालवली त्या गोष्टीचं मराठी नावच ठरेना. सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यात, काही प्रथिनं निवांत पडून असतात. जंतू आला की एक जागं होतं, ते दुसऱ्याला उठवतं, आणि शेवटी सगळी मिळून जंतूच्या पापुद्र्याला भोक पाडतात. ही कॉम्प्लिमेंट सिस्टिम. मी 'पूरक प्रणाली' लिहिलं, तर संपादकांचा फोन आला, "हे प्राणायामाचं आहे का हो? पूरक, कुंभक, रेचक?"

त्याआधी आळस करून यंत्राकडून भाषांतर काढलं होतं. त्याने 'प्रशंसा प्रणाली' दिलं. 'रुग्णाच्या रक्तातील प्रशंसा कमी झाली होती' हे वाक्य घरात दोन दिवस गाजतंय.

आणखी एक कबुली देऊन टाकते. मूळ मजकुरात घटकांचा क्रम सी१, सी४, सी२, सी३ असा होता. मला वाटलं मुद्रणदोष, म्हणून गुपचूप १-२-३-४ करून ठेवला. तो बरोबरच होता का?

पाढ्यातला_दीड :
क्रमाचं जाणकार सांगतील. 'पूरक'बद्दल मात्र गणितवाल्यांची तक्रार नोंदवून घ्या. शाळेत बेरीज ९० अंश भरली की कोटिकोन आणि १८० भरली की पूरककोन. म्हणजे भूमितीत कॉम्प्लिमेंटरीला आपण 'कोटि' म्हणतो आणि 'पूरक' हा मान सप्लिमेंटरीला देतो. तेच पुस्तक पुढे संचांवर आलं की कॉम्प्लिमेंटला 'पूरक संच' म्हणतं! तीस वर्षं शिकवलं, पण एकाही पोराने यावर हटकलं नाही. पूरक आहार, पूरक परीक्षा, पूरक मागण्या यांतही सगळीकडे 'वरून जोडलेलं' असाच अर्थ आहे. 'नसेल तर मूळ गोष्ट अपुरी' हा अर्थ त्या शब्दात आता कुणाला ऐकू येत नाही.

धुळाक्षर :
दीडसाहेब, तक्रार मान्य, पण शब्दाचं कूळ बघा. कॉम्प्लिमेंट लॅटिन 'कोम्प्लेरे'वरून, म्हणजे भरून काढणे. त्यातला 'प्ले' आणि आपल्या पूर्ण-पूरकमधला 'पूर्' एकाच आदिधातूची लेकरं. तेव्हा 'पूरक' हे निव्वळ भाषांतर नव्हे, चुलतभाऊच आहे. आणि 'प्रशंसा प्रणाली'ला फार हसू नका. स्तुतीवाचक कॉम्प्लिमेंटसुद्धा त्याच घरातला, स्पॅनिश-इटालियन-फ्रेंच असा फिरून आलेला. शिष्टाचाराची 'पूर्तता' करणारे शब्द, म्हणून तो.

खरी गंमत पुढे आहे. या पदार्थाला आधी वेगळं नाव होतं. म्युनिकच्या हान्स बुखनरने त्याला 'अलेक्सिन' म्हटलं होतं, ग्रीक 'अलेक्सो'वरून, अर्थ राखणे, परतवून लावणे. अलेक्झांडरमध्ये आहे तेच. आणि या 'अलेक्सो'चा संस्कृतमधला सख्खा म्हणजे 'रक्ष्'. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे या बेल्जियन तरुणाने १८९५ मध्ये दाखवलं की लस दिलेल्या प्राण्याचं जंतुनाशक सीरम ५५ अंशांपर्यंत तापवलं की निकामी होतं, आणि लस न दिलेल्या प्राण्याचं थोडं ताजं सीरम त्यात घातलं की पुन्हा कामाला लागतं. म्हणजे गोष्टी दोन : उष्णतेला टिकणारी अँटिबॉडी आणि न टिकणारं हे दुसरं. बोर्दे त्याला अलेक्सिनच म्हणत राहिला. तिकडे जर्मनीत पाउल एरलिखने १८९९ च्या सुमाराला 'कोम्प्लेमेंट' आणलं, कारण त्याच्या मते मुख्य काम अँटिबॉडीचं आणि हे तिची उणीव भरून काढणारं. दोघांनाही नोबेल मिळालं, एरलिखला १९०८ चं आणि बोर्देला १९१९ चं. नावाच्या कुस्तीत मात्र एरलिख जिंकला. बोर्दे जिंकता तर आज आपण बिनधास्त 'रक्षक' लिहून मोकळे झालो असतो.

शाईचा_डाग :
मग लिहू का 'रक्षक'? संपादक खूश होतील.

पिपेटवाली :
नका लिहू. मी लॅबमध्ये हेच करते, म्हणून बोलते.

आधी क्रमाचं. मूळ मजकूर बरोबर होता, तो परत तसाच करा. घटकांना आकडे शोधाच्या क्रमाने पडले, कामाचा क्रम नंतर कळला. तोवर आकडे इतके रुळले होते की सी४ बिचारं सी२ च्या आधी येऊन बसलं ते कायमचं. आम्हीसुद्धा परीक्षेआधी घोकायचो, एक-चार-दोन-तीन, मग सरळ पाच ते नऊ.

लॅबमध्ये 'पूरक' कुणी म्हणत नाही. मेंढीच्या तांबड्या पेशींना अँटिबॉडी लावून ठेवतात, त्यांत रुग्णाचं सीरम घालतात. नळी आधी गढूळ असते, मागे धरलेला छापील कागद वाचता येत नाही. कॉम्प्लिमेंट धड असेल तर पेशी फुटतात आणि नळी सरबतासारखी नितळ लाल होते, अक्षरं दिसायला लागतात. सीरम टेबलावर विसरून राहिलं की नळी गढूळच राहते. मग वरून आवाज येतो, "कॉम्प्लिमेंट मेलं, नवीन सॅम्पल मागवा." यात 'पूरक मेलं' म्हणून बघा. आणि पेशी वाढवायचं सीरम ५६ डिग्रीला अर्धा तास ठेवायचं काम नव्या पोरांना देतात, ते बोर्देच्याच प्रयोगाचं शेपूट. कशासाठी, ते निम्म्यांना ठाऊक नसतं.

आता 'रक्षक' का नको. पीएनएच नावाचा आजार आहे. त्यात तांबड्या पेशींवरची दोन संरक्षक प्रथिनं गायब असतात आणि आपलंच कॉम्प्लिमेंट त्या पेशी फोडत सुटतं. सकाळची लघवी कोकमासारखी लाल होते. त्या माणसाला सांगा, हे तुमचं रक्षक! ल्युपसमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजारात, उलटी तऱ्हा. तिथे सी३, सी४ खर्च होऊन कमी पडतात. रिपोर्टवर सी३ साधारण ९० ते १८० च्या मध्ये हवं, ते ४० वर आलेलं दिसलं की डॉक्टर किडनीकडे बघतात. आणि जन्मतःच सी१क्यू (सी१ चाच एक भाग) नसलेल्यांना ल्युपस हमखास म्हणावं इतक्यांदा होतो, कारण मेलेल्या पेशींचा कचरा उचलायचं कामही याचंच. रक्षक, मारेकरी आणि झाडूवाला, तिन्ही एकच. काय शब्द बनवता बनवा.

जाता जाता, 'ऑप्सोनिन' आलं असेल लेखात. जंतूला चिकटून त्याला भक्षक पेशीच्या तोंडी देणारं ते, सी३बी त्यातलं मुख्य. कोशातलं मराठी नाव बघून मी दचकले होते.

धुळाक्षर :
अहो, ऑप्सोनिनला तर आयता शब्द आहे! ग्रीक 'ऑप्सॉन' म्हणजे भाकरीबरोबर खायचं चटणी, मासळी, जे काय असेल ते. आपलं तोंडीलावणं!

पिपेटवाली :
हे मी उद्या लॅबमध्ये सांगणार. "जंतूला सी३बीचं तोंडीलावणं लागलं." दहा वर्षांत इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं.

शाईचा_डाग :
तोंडीलावणं घेतलं. पण 'पूरक'मध्ये मला जे टोचतंय ते आता नीट सांगता येईल, कारण पिलेमरची गोष्टच ती आहे.

तो क्लीव्हलंडला, वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात. यीस्टच्या पेशीभिंतीपासून काढलेलं झायमोसन तो सीरममध्ये घालायचा. ३७ अंशांना घातलं की सी३ संपायचं. मग त्याने १७ अंशांना घातलं. सी३ शाबूत राहिलं, पण झायमोसन काढून घेतल्यावर त्या सीरममध्ये नवं झायमोसन ३७ ला घातलं, तरी सी३ हलेना. म्हणजे थंडाव्यात दुसरंच काहीतरी झायमोसनला चिकटून निघून गेलं होतं. त्याला त्याने नाव दिलं प्रॉपर्डिन, नाशाच्या वाटेवर नेणारं, लॅटिन 'पेर्देरे'वरून. १९५४ मध्ये 'सायन्स'मध्ये निबंध आला. दावा असा की अँटिबॉडी नसतानाही कॉम्प्लिमेंट जागं होऊ शकतं. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. मग शंका आल्या. झायमोसनविरुद्धच्या अँटिबॉडी सीरममध्ये मुळातच असतात, तेवढ्यानेही हे घडेल, असं रॉबर्ट नेल्सनने १९५८ मध्ये मांडलं. ते छापून येण्याआधीच, ऑगस्ट १९५७ मध्ये पिलेमर गेला. त्याचाच विद्यार्थी आयर्विन लेपाव. त्याच्या गटाने १९६८ मध्ये शुद्ध केलेलं प्रॉपर्डिन दाखवलं, आणि पुढच्या काही वर्षांत तो वेगळा मार्ग सगळ्यांना मान्य झाला.

म्हणजे 'हे नुसतं पूरक नाही' असं म्हणण्यात या माणसाचं आयुष्य गेलं, आणि मी त्याच्यावरच्या लेखात वीस वेळा 'पूरक' लिहू?

पाढ्यातला_दीड :
लिहा. शेंगदाण्याचं तेल म्हणताना तीळ आठवतो का कुणाला? 'तेल' आलं तिळावरूनच. इंग्रजीतही शब्द एरलिखच्या चुकीसकट चालूच आहे.

शाईचा_डाग :
तेल पटलं. पण इंग्रजी वाचकाला 'कॉम्प्लिमेंट' हे नाव म्हणून ऐकू येतं, मराठी वाचकाला 'पूरक' हे विशेषण म्हणून. कशाला पूरक, असं तो विचारणारच.

पिपेटवाली :
म्हणून सांगते, कॉम्प्लिमेंटच ठेवा. व्हिटॅमिन, हार्मोन चालतं तर हे का नाही? एकदा 'पूरक प्रथिने' लिहून ओळख करून द्या, बस. शिवाय इथे पुण्यात गणेशखिंडीला एनसीसीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात, यावर कितीतरी वर्षं काम झालंय. अरविंद साहूंनी आधी पेनसिल्व्हेनियात, जॉन लँब्रिस यांच्याकडे, सी३ ला अडवणारं तेरा अमिनो आम्लांचं कॉम्पस्टॅटिन काढलं, १९९६ ला. त्याच्याच वंशातलं औषध २०२१ मध्ये अमेरिकेत पीएनएचसाठी मंजूर झालं. पुण्यात येऊन त्यांच्या लॅबने नागीण-कांजिण्यांच्या भाईबंदांपैकी एका विषाणूचं प्रथिन पकडलं, जे कॉम्प्लिमेंटला गुंगारा देतं. नाव ठेवलं कापोसिका. ते नाव कुणी मराठीत आणायला बसलं नाही, आणि अडलंही नाही.

धुळाक्षर :
ठीक. पण 'क्लासिकल पाथवे' आणि 'आल्टर्नेटिव्ह पाथवे'चं काय केलंत?

शाईचा_डाग :
अँटिबॉडीने सुरू होणारा तो अभिजात मार्ग आणि पिलेमरचा तो पर्यायी मार्ग.

धुळाक्षर :
'अभिजात' काढा, नाहीतर लोक विचारतील केंद्राने दर्जा कधी दिला. 'रूढ मार्ग' करा. आणि 'पर्यायी'ची तर कमाल आहे. पिलेमरचा तो मार्ग उत्क्रांतीत जुना, अँटिबॉडी जन्मायच्या आधीपासूनचा. थोरला भाऊ उशिरा सापडला म्हणून त्याला पर्यायी म्हणायचं!

शाईचा_डाग :
'थोरला मार्ग' लिहू?

पिपेटवाली :
लेखाच्या शीर्षकात लिहा. आत मात्र 'पर्यायी'च ठेवा, नाहीतर माझे विद्यार्थी परीक्षेत थोरला-धाकटा लिहून येतील.

शाईचा_डाग :
पाठवला. क्रम एक-चार-दोन-तीन केलाय. संपादकांचा निरोप : 'तोंडीलावणे' फार आवडले, पण 'सी४ आधी आणि सी२ नंतर' ही मुद्रणदोषाची चूक आम्ही दुरुस्त केली आहे.