जुन्या लॅपटॉपवर वाय-फाय चालेल असे लिनक्स कोणते?

प्रश्न (मुलुंड)
नमस्कार. माझा लॅपटॉप २०१३ सालचा असून त्यात तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि मूळचीच हार्ड डिस्क आहे. विंडोज १० ला मिळणारे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ साठी हे यंत्र पात्र ठरत नाही. पेनड्राइव्हवरून डेबियन ११ हे लिनक्स चालवून पाहिले, तेव्हा आवाज, टचपॅड, स्क्रीनचा उजेड सर्व व्यवस्थित होते. वाय-फाय मात्र दिसलेच नाही. मुलीचा दहावीचा अभ्यास याच लॅपटॉपवर होत असल्यामुळे वारंवार प्रयोग करणे शक्य नाही. कोणती डिस्ट्रो (लिनक्सची तयार आवृत्ती) घ्यावी?

उत्तर (दादर)
डिस्ट्रो ठरवण्याआधी वाय-फायची चिप कोणती आहे ते पाहा. बहुतेक ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्रॅम) लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यातच असतात, त्यामुळे एका डिस्ट्रोत चालणारे यंत्र दुसरीत अडते ते बहुधा कर्नेलची आवृत्ती जुनी असल्यामुळे किंवा चिपचे फर्मवेअर (चिपमध्ये भरावा लागणारा छोटा प्रोग्रॅम) सोबत दिलेले नसल्यामुळे. डेबियनने जून २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये समाविष्ट केले आहे, म्हणून माझा कल तिकडे आहे. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' (lspci) ही कमांड 'एनएनके' (-nnk) या पर्यायासह चालवून नेटवर्कची ओळ येथे द्या.

प्रश्नकर्ता
ओळीत ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२ असे नाव आणि १४ई४:४३६५ हा क्रमांक आहे.

उत्तर (गिरगाव)
मग नुसत्या फर्मवेअरने काम होणार नाही. या चिपला ब्रॉडकॉमचा स्वतःचा 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर लागतो. तो कर्नेलचा भाग नसल्यामुळे प्रत्येक नव्या कर्नेलसाठी पुन्हा तयार करावा लागतो आणि कर्नेल फारच नवा असला की कधी कधी तयारच होत नाही. म्हणून सतत कर्नेल बदलणाऱ्या फेडोरा किंवा आर्च या डिस्ट्रोंपेक्षा तुम्ही लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. ४ जीबी रॅममध्ये ती नीट चालते. इन्स्टॉल झाल्यावर तोच पेनड्राइव्ह जोडलेला ठेवून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, म्हणजे ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर इंटरनेटशिवायही बसवता येतो. नाहीतर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला मिळेल. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल, तर एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाईल आणि रीस्टार्टनंतर निळ्या स्क्रीनवर तोच पुन्हा विचारला जाईल. ती पायरी घाईने ओलांडली, तर ड्रायव्हर सुरूच होत नाही. आतील वाय-फाय कार्ड बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर थांबा, कारण काही लॅपटॉपचे बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) ठरावीक कार्डेच स्वीकारते. हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी (अधिक वेगवान डिस्क) मात्र अवश्य बसवा, कारण या वयाच्या लॅपटॉपचा संथपणा मुख्यतः डिस्कमुळेच असतो.

प्रश्नकर्ता
मिंट बसवले. निळ्या स्क्रीनवर पासवर्ड दिल्यानंतर घरातील वाय-फायचे नाव यादीत दिसले आणि लॅपटॉप मिटवून पुन्हा उघडल्यावरही जोडणी आपोआप परत आली. दोघांचेही मनापासून आभार. एसएसडी शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून आणणार आहे.