मदत हवी आहे: मॅनेजरने घरून कामाचा अर्ज कसा लिहावा?

नमस्कार मंडळी. राहते घोडबंदर रोडला, ऑफिस ऐरोलीत. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपून सोमवारी रुजू व्हायचंय. हाताखाली अकरा जण. आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागितलं तर साहेब म्हणाले, "मॅनेजरच घरी बसली तर टीम कोण बघणार?" (रजेत लेकीला मांडीवर घेऊन रात्री त्यांचेच कॉल घेतलेत, ते सोडा.)

२०१७ पासून कायद्यात दोघांच्या संमतीने रजेनंतर घरून कामाची सोय आहे, ५० कर्मचारी असले की पाळणाघरही हवं. पण एवढ्याशा पोरीला सकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये कशी कोंबू?

मॅनेजर असताना कुणी अशी सवलत लेखी मिळवली आहे का? अर्जात नेमकं काय लिहिलंत? बढतीच्या वेळी ती आडवी आली का, खरंखरं सांगा.